हरणाचं नाक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: पेनसिल्व्हेनियात यंदा पहिल्यांदाच धनुष्यबाणाच्या मोसमाचं लायसन्स काढलं आहे. दुकानात मादीच्या मूत्राच्या बाटल्या, सफरचंदाचे स्प्रे, कोल्ह्याचं मूत्र असं बरंच मिळतं. कुठलं घ्यावं?

विकत घेण्याआधी नकाशा बघा. राज्यातल्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा रोग) रोगनियंत्रण क्षेत्रात हरणाचं नैसर्गिक मूत्र बाहेर वापरायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही बंदी आहे. जवळच्या व्हर्जिनियात २०१५ पासून राज्यभर शिकारीत ते चालत नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला हा रोग प्रियॉन नावाच्या प्रथिनामुळे होतो. ते लाळेतून, मूत्रातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा कृत्रिम वासच घ्या.

आता वेळेचं. माजावरच्या मादीचा वास ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावणं म्हणजे पैसे वाया. पेनसिल्व्हेनियात माजाचा जोर नोव्हेंबरच्या मध्याला असतो. त्याआधी फार तर दोन आठवडे तो वास कामाचा. ऑक्टोबरमध्ये त्यापेक्षा खोटी उकरण करा, म्हणजे नराने उकरल्यासारखी जागा. साधारण पाच फुटांवर आडवी आलेली एखादी फांदी शोधा आणि तिच्याखालची दोन-तीन फूट जमीन काठीने पालापाचोळा काढून उघडी करा. नर त्या फांदीला तोंड आणि कपाळ घासतो, खाली खुरांनी उकरून मुततो. माद्याही तिथे हुंगायला येतात. काम करताना रबरी हातमोजे हवेतच. फांदी तोडू नका. सगळा खेळ तिच्यावरच आहे.

माजाच्या दिवसांत फडकं ओढायची पद्धत चांगली. दोरीला बांधलेल्या फडक्यावर वासाचे चार-पाच थेंब टाका आणि मचाणापासून शंभरेक यार्डांवरून ते ओढत आणा. पण मचाणाच्या झाडापर्यंत आणू नका. वीसेक यार्ड अलीकडेच ते सोडवून फांदीला टांगा. नर वासाकडे सरळ चालत येत नाही; वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो आणि खात्री करून घेतो. म्हणून वारा डावीकडून उजवीकडे असेल, तर फडकं समोर थोडं डाव्या हाताला हवं. मग त्याचा वळसा तुमच्या पुढ्यात पडतो आणि तुमचा वास त्याला लागण्याआधी बाण सोडता येतो. फडकं उजवीकडे टांगलंत, तर तो आधी तुमच्याच वासात शिरेल आणि तुम्हाला शेपटीचा पांढरा झुबका तेवढा दिसेल.

डोंगरउतारावर आणखी एक गोष्ट. सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली येते. सकाळी हरणांच्या वाटेच्या वर बसा, संध्याकाळी खाली. बारीक पावडरीची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून बघा. आमच्या मते सगळ्या सुगंधी बाटल्यांपेक्षा ही बाटली मोलाची.

सफरचंदाचा वास जवळ बाग असेल तरच. नुसत्या पाइनच्या रानात तो हरणाला परका वाटतो. कोल्ह्याच्या मूत्राने माणसाचा वास झाकत नाही, हरणाला दोन्ही वास वेगवेगळे येतात. कोळशाचा थर असलेले कपडे वास कमी करतात, संपवत नाहीत. तुमचे शिकारीचे कपडे वास नसलेल्या साबणाने धुवा, बाहेर वाळवा आणि झाकणबंद डब्यात त्याच रानातल्या सुक्या पानांबरोबर ठेवा. स्वयंपाकघराजवळच्या कपाटात मुळीच नको: हिंगाची फोडणी कापडात दिवसेंदिवस राहते. डोक्याचं खोबरेल आणि देवघरातली उदबत्तीही त्या दिवसापुरती टाळा. रबरी बूट रानातच घाला. ते घालून पेट्रोल भरायला उतरलात तर सगळी मेहनत फुकट.

प्रश्न: टेक्सासमध्ये आमच्या जमिनीवर मका आणि सफरचंदाच्या चवीचं मिठाचं मिश्रण ठेवतो. उन्हाळाभर हरणं यायची, ऑक्टोबरात एकदम थांबली. मिश्रण खराब झालं का?

नाही, ओकची झाडं आडवी आली. अ‍ॅकॉर्न (ओकची फळं) पडू लागले की हरणं मका सोडतात. त्यातही व्हाइट ओकच्या फळात टॅनिन कमी, म्हणून कडवटपणा कमी, म्हणून पसंती आधी त्याला. अशा वेळी मक्याचा ढीग वाढवू नका. कोणत्या झाडाखाली ताज्या टरफलांचा चुरा आहे ते शोधा आणि तिथे बसा.

मिठाची ओढही मोसमी असते. वसंतात कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे शरीरातलं सोडियम घटतं. माद्या पाजत असतात, नरांची शिंगं वाढत असतात. शरदात ही गरज ओसरते. मिश्रण घरी करायचं तर डायकॅल्शियम फॉस्फेट १ भाग, जनावरांचं खनिज मीठ २ भाग आणि साधं मोकळं मीठ १ भाग. चिकणमातीत सहा इंच खोल खड्डा करून त्यात मिसळा. वाळूत पहिल्याच पावसाने ते वाहून जातं. चव सफरचंदाची की आणखी कसली, हा माणसाला विकायचा भाग आहे. हरीण येतं ते सोडियमसाठी. मात्र तुमचा भाग सीडब्ल्यूडीच्या क्षेत्रात असेल, तर सगळ्यांच्या लाळेची अशी एक जागा करूच नये.

मका घेताना पिशवीवर अ‍ॅफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचं प्रमाण २० पीपीबीच्या (अब्जात २० भागांच्या) खाली आहे ना, ते वाचा. ओला, बुरशी आलेला मका टर्की आणि लावे मारतो.

प्रश्न: न्यू जर्सीत घरामागे होस्टा आणि ट्यूलिप हरणं फस्त करतात. साबणाच्या वड्या, माणसाचे केस टांगणं, सगळं करून झालं.

केसांचा भरवसा नाहीच. साबण चालतो, पण चरबीपासून केलेला हवा, आणि एक वडी जेमतेम एक यार्ड त्रिज्येपुरती पुरते. घरी करण्यासारखा सगळ्यात खात्रीचा उपाय अंड्यांचा. ४ मोठी अंडी फोडा, बलकाला चिकटलेली पांढरी दोरी काढून टाका (नाहीतर स्प्रेचं तोंड बंद पडतं), ८०० मिली पाण्यात घुसळा आणि गाळा. कोरड्या दिवशी पानांवर फवारा. सडत्या अंड्याचा गंधकी वास हरणाला मांसाहारी प्राण्याची आठवण करून देतो. आपल्याला तो थोड्याच वेळात येईनासा होतो, हरणाला येत राहतो. साधारण ३० दिवसांनी पुन्हा फवारा. नवी पालवी फुटली तर त्याआधीच, कारण तिच्यावर औषध नसतं.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: हरणांना चटक लागल्यावर फवारणी सुरू करतात. ट्यूलिपचा कोंब वर येताच पहिला हात द्या. बर्फाळ, उपासमारीच्या हिवाळ्यात मात्र कुठलाच वास पुरत नाही. खायच्या भाजीवर अंडं फवारू नका. त्या वाफ्याभोवती नगरपालिकेची परवानगी असेल तर अडीच-तीन फुटांवर विजेच्या कुंपणाची एकच तार ओढा आणि तीन बाय चार इंचांच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्यांवर आतून पीनट बटर फासून त्या तारेवर दुमडा. हरीण नाक लावतं, सौम्य झटका बसतो आणि ते वाफ्यापासून लांब राहायला शिकतं. आधी प्रवाह सुरू करा, मगच पीनट बटर लावा. उलटं केलंत तर फुकटची मेजवानी शिकवाल.

प्रश्न: वाशीमला आईवडिलांच्या हरभऱ्यात रोही (नीलगायी) घुसतात. कोणी थिमेटच्या पुड्या टांगायला सांगतात.

अजिबात नको. थिमेट म्हणजे फोरेट. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर पूर्ण बंदी आहे. वासाने रोही पळो न पळो, विष माणसाला, बैलाला, पाखरांना लागतं. अंड्याचं द्रावण फक्त धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) दोन-तीन ओळींवर मारा, सगळ्या शेतावर ते परवडणार नाही. मोठ्या शेताला खरा आधार सौर झटका मशीनचा. घरातली वीज तारेत थेट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. रोही एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग करतात; तो धुऱ्याजवळ कुठे आहे ते आधी बघा आणि त्या बाजूने तार सुरू करा. सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करता येईल.