सही केली, म्हणून अडकले का?

नोकरी बदलताना माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "जुन्या कंपनीच्या करारात लिहिलंय, सोडल्यावर एक वर्ष तशाच दुसऱ्या कंपनीत जायचं नाही. आता काय?" अलीकडे गोव्यातल्या डिचोलीकडची एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत ती क्यूसी अ‍ॅनालिस्ट, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणारी. कुंडईहून ऑफर आलेली, पगार बरा आणि घरापासून पुष्कळ जवळ.

सोबत वडील होते. तिच्या आधी तेच बोलले, "ताई, हिनं सही केलीय. सही म्हणजे शब्द. आता मागे कसं फिरायचं?" कंपनीतली मैत्रीण मात्र तिला उलटं सांगत होती, की त्या कागदाला काडीची किंमत नाही, उद्यापासून जाऊच नकोस. या दोघांच्या मधे मुलीची झोप उडाली होती. घरी पोलीस येतील, असंही तिला वाटत होतं. ती भीती मी आधी काढून टाकली. नोकरीचा करार मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत.

मग अपॉइंटमेंट लेटर आम्ही ओळीनं वाचलं. पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "नोकरीत असतानाच्या अटींपुढे एक खूण कर, सोडल्यानंतरच्या अटींपुढे दुसरी." बहुतेक मुलांनी हे कागद सही करताना वाचलेले नसतात, आणि नंतर भीतीपोटी सगळ्या अटी एकाच वजनाच्या वाटू लागतात.

सोडल्यानंतरची ती एक वर्षाची अट कायद्यापुढे टिकत नाही. 1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 सांगतं की कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. वडील क्रिकेटप्रेमी निघाले, म्हणून त्यांना झहीर खानचं उदाहरण दिलं. करार संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवू पाहणारी कंपनीची अट सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली मान्य केली नाही. "म्हणजे सही असूनही?" त्यांनी विचारलं. हो, सही असूनही.

पण मैत्रिणीचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटला. कराराची मुदत चालू असतानाची गोष्ट वेगळी असते. 1967चा गोलिकारी खटला याच मुद्द्यावरचा. कल्याणच्या एका कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर होता. तो मधेच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, आणि करारातली उरलेली मुदत संपेपर्यंत त्याला तिथं काम करण्यास घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. बॉण्डचंही तसंच. 2025 साली विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान नोकरी आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये, ही अट न्यायालयानं वैध ठरवली.

हिचा बॉण्ड दोन वर्षांचा, दीड लाखाचा, आणि संपायला अजून चार महिने. खरी अडचण या चार महिन्यांची होती, त्या एका वर्षाची नव्हे. करारात छापलेली रक्कम आपोआप पूर्ण द्यावी लागतेच असं नाही. करार कायद्याच्या कलम 74प्रमाणे ती कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्यातली वाजवी भरपाई ठरवतं. तरी त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची का, हा प्रश्न उरतोच. मी तिला वकिलाला कागद दाखवायला सांगितलं. पैशांची काळजी दिसली, म्हणून हेही सांगितलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी मुली नुसत्या घाबरून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

गुप्ततेच्या अटीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक तपासण्याचं यंत्र, चालवण्याचं कसब तिचं स्वतःचं, ते ती कुठंही नेऊ शकते. कंपनीच्या टेस्ट मेथड, बॅच रेकॉर्ड, व्हॅलिडेशनचा डेटा कंपनीचा. जाताना त्यातलं काही स्वतःच्या मेलवर पाठवायचं नाही, फोनमध्ये फोटो ठेवायचा नाही. ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "रात्रपाळीत सोयीसाठी काही फोटो काढलेत." ते नव्या नोकरीत वापरायचे नाहीत, कोणाला पाठवायचे नाहीत, आणि त्यांचं काय करायचं हे आधी वकिलालाच विचारायचं, असं ठरलं.

वडिलांना मी म्हटलं, "काका, शब्द पाळायचाच आहे. नोटीस पूर्ण करायची, काम नीट सोपवायचं, कंपनीची माहिती बाहेर न्यायची नाही. एक वर्ष घरी बसणं त्या शब्दात येत नाही." त्यांचा चेहरा त्यानंतर सैल झाला. गोव्यात औषध कंपन्यांची दुनिया लहान आहे. वेर्ण्यातला माणूस कुंडईत भेटतो, त्यामुळे भांडून बाहेर पडणं मलाही नको वाटतं.

तिनं कुंडईच्या एचआरला बॉण्ड आणि एक वर्षाची अट दोन्ही सांगून टाकलं आणि जॉइनिंगची तारीख पुढे मागितली. ते थांबायला तयार झाले. बॉण्ड आणि दोन महिन्यांची नोटीस एकाच दिवशी संपतील, अशा बेतानं तिनं राजीनामा दिला. जुन्या कंपनीनं त्या अटीची आठवण करून देणारं पत्र पाठवलंच. वकिलांनी त्याला छोटंसं उत्तर दिलं. रिलिव्हिंग लेटर थोडं उशिरा हाती आलं, पण आलं, आणि आता ती कुंडईला जाते.