'सर मी स्लो आहे'

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला पण एका ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून आत्ता चहा घेऊन बसलेय. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचा आयक्यू रिपोर्ट आला, स्टाफरूममध्ये सगळ्यांनी तो आकडा वाचला आणि 'त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस' म्हणून मोकळे झाले, हो ना?

माझंच सांगते. नोकरीच्या सुरुवातीला चौथीतल्या एका पोराच्या आईला मी त्याच्यासमोरच म्हटलं, 'हा जरा स्लो आहे हो'. पुढच्या आठवड्यात बदली सर वर्गावर आले, त्यांनी गणित दिलं तर हा उभा राहून म्हणतो, 'सर मी स्लो आहे, मला सोपं द्या'. नऊ वर्षांचं पोर. तो शब्द त्याला मी दिला होता. अजून आठवलं की पोटात कालवतं.

गंमत अशी की ही आयक्यूची टेस्ट मुळात ज्याने काढली त्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेला हेच नको होतं. 1905 साली पॅरिसमध्ये त्याने सिमोन या सहकाऱ्याबरोबर ती बनवली ती कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल ते कळावं म्हणून, आणि बुद्धी वाढूच शकत नाही म्हणणाऱ्यांवर तो चिडायचा. मग ती अमेरिकेत गेली, 1916 ला स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टर्मन या मानसशास्त्रज्ञाने सुधारून काढली, आणि तो तर बुद्धी जन्मजातच मानणारा! आपल्याकडे धारवाडच्या कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, बिने-कामत म्हणतात ती हीच.

आणि तुझ्या डोक्यात आकडा बसला की तू बदलतेस, हे जास्त घातक. 1968 मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांचा प्रयोग छापून आला, शिक्षकांना सांगितलं ही मुलं यंदा चमकणार, नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही निवडलेली, तरी पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच पुढे गेली. त्यावर टीकाही भरपूर झालीये, पण आपण लाडक्या पोराच्या उत्तराला जरा जास्त वेळ थांबतो हे खोटं आहे का?

म्हणून लगेच 'तू खूप हुशार आहेस' सुरू करू नकोस हां. कॅलिफोर्नियाने 1986 ला आत्मसन्मान वाढवायला सरकारी समितीच नेमली होती, पण पुढच्या अभ्यासांत नुसता आत्मसन्मान वाढवून मार्क वाढल्याचं काही दिसलं नाही. हुशार काय नि स्लो काय, चिकटवलेलं लेबलच ते.

तू असं कर, रिपोर्टचं पहिलं पान उलट आणि आतले तक्ते बघ. आकडे ऐकून परत म्हणायला अडखळलाय का? मग त्याला एका दमात चार सूचना देऊ नकोस, एक दे, ती झाली की दुसरी. आणि उद्या पुढच्या बाकावर बसव, पण सगळ्यांसमोर कारण न सांगता. शनिवारी फोन कर, वही घेऊन बस त्याची.