वहिनीच मला पाणी आणून देते

डिचोलीहून एका वाचक भगिनीनं लिहिलंय: 'पावसाच्या तोंडावर वहिनीची आई गेली. भेटायला गेले आणि ती बोलायला लागली की मलाच हुंदका येतो. शेवटी तीच मला पाणी आणून देते. माझा नवरा मात्र कोरडा. तिच्यासोबत बँकेत खेपा घातल्या, मृत्यूचा दाखला काढून दिला, पण डोळ्यांत टिपूस नाही. हल्ली वहिनी माझा फोनही उचलत नाही. मला समानुभूती जास्त आहे, दुसऱ्याचं दुःख मला आपलंच वाटतं, हा माझा दोष का?'

अगं, समानुभूती जास्त आहे हे कुणी ठरवलं? मार्क डेव्हिस या मानसशास्त्रज्ञानं तिच्या चार बाजू वेगवेगळ्या मोजल्या. त्यातल्या दोन तुझ्या कामाच्या: समोरच्याबद्दलची कळकळ, आणि त्याचं दुःख पाहून आपलीच होणारी घालमेल. वरून दोन्हींत डोळे भरतात. पण घालमेल झालेल्या माणसाला आधी स्वतःलाच सावरायचं असतं.

१९९७ साली डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना संकटातल्या एका तरुणीची मुलाखत ऐकवली. काहींना म्हटलं, तिला काय वाटत असेल ते मनात आणा; काहींना, तुम्ही तिच्या जागी असता तर काय वाटलं असतं ते. कळकळ दोघांनाही वाटली. घालमेल मात्र स्वतःला तिच्या जागी बसवणाऱ्यांची जास्त झाली. तू रडतेस तेव्हा मनात कुणाची आई असते, वहिनीची की तुझी?

नवऱ्याला कोरडा म्हणू नकोस. वहिनीला काय लागेल हे त्याला न सांगता कळलं. (मयताच्या घरी कोण किती रडलं याची आपल्याकडची मोजदाद मला कधीच पटली नाही.) फक्त कागद झाले की लगेच उठू नकोस, दहा मिनिटं बस, एवढं त्याला सांग.

आता चवथ (गणेशचतुर्थी) येतेय, आईविना वहिनीची पहिली. एकदा जा आणि विचार, लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आईनं ओझ्यात, म्हणजे माहेरहून येणाऱ्या भेटीत, काय काय पाठवलं होतं? मग ऐक. मध्येच तुझी आई आठवली तर तिचा विचार घरी येऊन कर. रडू आलंच तर येऊ दे, पाणी स्वतः उठून घे.

आणि फोनवरच्या अबोल्याबद्दल लांबलचक माफी मागत बसू नकोस. नाहीतर पुन्हा तिलाच तुझी समजूत घालावी लागेल.