अँफेटामिननंतर रॅट शांत दिसला तर आधी व्हिडिओ बघ

अगं, प्रयोगाला मॅम मॉडेल (MAM नावाचं रसायन देऊन रॅटमध्ये स्किझोफ्रेनियासारखे बदल घडवतात ते) घेतेयस ते मस्तच. गरोदर मादीला गर्भारपणाच्या 17व्या दिवशी MAM चं इंजेक्शन दिलं की पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसची (मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग) घडण बिघडते आणि ती मोठी झाल्यावर अँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या लहान डोसलाही नॉर्मल रॅटपेक्षा जास्त पळतात, लॉज आणि ग्रेस या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की डोपामिनच्या (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) पेशींना उचकवतो तो व्हेंट्रल हिप्पोकॅम्पस, म्हणजे त्याचा खालचा भाग, तो तात्पुरता बंद केला की पळापळ उतरते.

पण म्हणून डोपामिन जास्त म्हणजे हायपर असं सरळसोट गणित मांडू नकोस हं. 1976 मध्ये शेविट्झ या संशोधकाच्या टीमने रॅटच्या 5 दिवसांच्या पिल्लांमधलं डोपामिन जवळजवळ संपवलं तर तीच पिल्लं हायपर झाली, आणि अँफेटामिनने चक्क शांत झाली!

आता कामाचं. अँफेटामिनचा डोस वाढवला की हालचालीचा काउंट खाली येतो आणि नवीन मुलं लगेच लिहून टाकतात, 'औषधाने शांत झाला'. व्हिडिओ बघ ना, रॅट कोपऱ्यात एकाच जागी उभा, डोकं वरखाली, सारखं हुंगणं, नाहीतर जाळी चावणं, याला स्टिरिओटाइपी म्हणतात, शांतपणा नव्हे. सॉफ्टवेअरला फक्त अंतर कळतं, त्यामुळे स्कोअरिंग डोळ्यांनीच कर, आणि कुठला रॅट कुठल्या ग्रुपचा हे स्कोअर करणाऱ्याला कळू देऊ नकोस.

आधी रॅटला चाचणीच्या बॉक्सची सवय होऊ दे, मग सलाईनचं (नुसतं मिठाचं पाणी) इंजेक्शन, मग औषध, आणि हो, एकाच मादीची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र सॅम्पल नाहीत, वेगवेगळ्या माद्यांची घे.