स्पोर्ट लाइन की लक्झरी लाइन?
जुनी बीएमडब्ल्यू 320डी घेताना एक ध्यानात ठेवा : 2012 साली भारतात आलेल्या त्या पिढीत स्पोर्ट लाइन आणि लक्झरी लाइन या दोन्ही प्रकारांना दोन लिटरचे 184 अश्वशक्तीचे एकच डिझेल इंजिन होते, त्यामुळे केवळ नावावरून स्पोर्ट जास्त पळेल असे समजू नका. लक्झरीत क्रोम आणि लाकडी पट्ट्या, स्पोर्टमध्ये चकचकीत काळा रंग आणि लाल रेघा. ही झाली आवडनिवड. मी स्वतः आसनांवरून ठरवीन, कारण स्पोर्टच्या आसनांच्या उंच कडा वळणावर अंग घट्ट धरतात, पण घरातल्या वयस्कर माणसाला उतरताना त्याच कडा मांडीला अडतात. चाकांचा आकारही टायरवर वाचून घ्या. 18 इंची चाकांवरचा बुटका टायर खड्ड्यात रिमला फारसा वाचवत नाही.