मुंबईत स्वतःचा फ्लॅट असताना कोकणातली माणसं गावचं बंद घर का विकत नाहीत?
मी सिंधुदुर्गातला, जन्म मात्र मुंबईचा, त्यामुळे स्वतःपुरतं सांगतो. आमच्याकडे घर म्हणजे नुसत्या चिऱ्याच्या भिंती नाहीत, तिथे गणपती येतो, भावकी जमते आणि शिमग्यात देवाची पालखी दारात येते तेव्हा ओटी भरायला घरातलं कोणीतरी लागतंच. तेव्हा दार बंद असलं की जीव तुटतो हो. आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि सगळं बिऱ्हाड याच घरात येऊन राहिलं, मग ते विकायचं कसं? कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तरी गणपतीचं तिकीट मिळत नाही, लोक उभ्याने येतात पण येतात. मी दोन दिवस आधी जाऊन माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, आंब्याचे टाळे, कवंडाळं ही रानफळं, सुपाऱ्या बांधतो, तिच्या लाकडाला आजोबांनी पाडलेल्या खाचा आहेत, सुतळी अजून बरोब्बर त्यातच बसते. वाटेत एखादी म्हातारी थांबवून विचारते, "कोणाचो रे तू?" आजोबांचं नाव सांगितलं की लगेच, "ये, बस, चाय घे." मुंबईत बिल्डिंगमध्ये मला फ्लॅट नंबरने ओळखतात.