सुपरकार, वेग आणि आपले रस्ते: वाचकांचे प्रश्न

आजच्या सुपरकार रस्त्यावर मजा घेण्याच्या पलीकडे वेगवान झाल्या आहेत का, या विषयावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: नव्या सुपरकार तीन सेकंदांच्या आत १०० चा वेग गाठतात आणि आपल्याकडे मर्यादा १०० किंवा १२० ची. मग एवढ्या ताकदीची मजा घ्यायची कुठे? की परवडत नाही म्हणून लोक असं बोलतात? (पुणे)

परवडण्या-न परवडण्याचा हा प्रश्न नाही, साध्या हिशेबाचा आहे. फेरारी २९६ जीटीबी घ्या. ताकद ८३० अश्वशक्ती, ० ते १०० ला २.९ सेकंद, ० ते २०० ला ७.३ सेकंद. टोलनाक्याचा दांडा वर गेला आणि तुम्ही पाय पूर्ण दाबला, तर साधारण ४० मीटरमध्ये काटा १०० वर. एकामागे एक उभ्या केलेल्या चार एसटी गाड्यांएवढंही हे अंतर नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर तुमची कायदेशीर मजा तिथेच संपली. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, म्हणजे आणखी एखादा सेकंद. १९८७ च्या फेरारी एफ४० ची ताकद ४७८ अश्वशक्ती होती आणि कंपनीच्या आकड्यांनुसार १०० ला ४.१ सेकंद लागत. त्या काळी ती रस्त्यावरच्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक होती. आज ताकद पावणेदोन पट झाली. वळणं होती तशीच आहेत.

पण खरी अडचण सरळ रस्त्यावर नाही, गिअरमध्ये आणि वळणात आहे.

आधी गिअर. पोर्शे ७१८ केमन जीटी४ ही चालवणाऱ्यासाठीच बनवलेली गाडी: ४ लिटरचं इंजिन, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, ८००० आरपीएम. तरीही तिच्याबद्दल जाणकारांची सर्वांत मोठी तक्रार लांब गिअरची, म्हणजे एकेक गिअर फार मोठ्या वेगापर्यंत ताणला जाण्याची आहे. हिशेब तुम्हीही करू शकता. मागच्या टायरचा घेर साधारण २.१५ मीटर. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९५, गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधल्या फायनल ड्राइव्हचं ३.८९, गुणाकार सुमारे ७.६. इंजिनाचे ८००० फेरे भागिले ७.६, गुणिले २.१५ मीटर, गुणिले ६० मिनिटं: ताशी सुमारे १३५ किलोमीटर. म्हणजे इंजिनाचा सर्वांत सुंदर आवाज ऐकायला दुसऱ्याच गिअरमध्ये कायदा मोडावा लागतो. तिसऱ्यात १९० च्या आसपास. सहा गिअरपैकी पाचांना कायद्यात राहून रस्त्यावर पूर्ण काम कधीच मिळत नाही.

आता वळण. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर चांगल्या टायरची सुपरकार कोरड्या रस्त्यावर सुमारे ८० ने निघून जाते. पण घाटात डाव्या हाताला डोंगर असेल तर पुढचं ४० मीटरच दिसतं, असं धरू. ८० च्या वेगाला एक सेकंद भान यायला आणि मग पूर्ण ब्रेक, असे ४७ मीटर लागतात. ६० ला ३१ मीटर पुरतात. टायर ८० म्हणतो, डोळा ६० म्हणतो, आणि ऐकायचं डोळ्याचं. या ६० ला टायरवर येणारा आडवा जोर त्याच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास असतो. स्टिअरिंगमधून काही कळत नाही, गाडीचा तोल हलत नाही, तुमच्या हातांना काम उरत नाही. म्हणूनच मालक म्हणतात, ‘गाडी ६० ला झोपलेली वाटते.’ तिला जागं करायचं तर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव पणाला लावावा लागतो. हे आम्हाला कुठल्याही सबबीखाली मान्य नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बसण्याची खोलगट जागा, पाठीमागे धडधडणारं इंजिन, रस्त्याच्या अगदी जवळून दिसणारं जग, हे सगळं ४० च्या वेगालाही मिळतं. ज्यांना एवढं पुरतं त्यांची सुपरकार वाया गेलेली नाही.

प्रश्न: मित्राची सुपरकार आंबोलीमार्गे गोव्याला न्यायची आहे. गाडी घासेल याची भीती आहे. काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

भीती रास्त आहे, पण नेमकी कशाची ते कळलं तर निम्मी कमी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. २.६५ मीटर अंतरावर चाकं असलेली गाडी त्यावर बरोबर मधोमध आली, तर पोटाखालची फक्त ५२ मिलिमीटर जागा जाते. ११० मिलिमीटर मोकळी असलेली गाडी सुटते. गाडी घासवतो तो गावकीने रातोरात घातलेला अरुंद, उभा उंचवटा. त्याची पूर्ण उंची एकदम पोटाखाली येते.

नाकाचा हिशेब वेगळा. पुढचं चाक मानक गतिरोधकाच्या पायाशी असताना त्याच्या एक मीटर पुढे असलेल्या नाकाखाली उंचवटा ७९ मिलिमीटर होतो. नाक ११० वर असेल तर फरक ३१ चा. शेवटपर्यंत ब्रेक दाबून ठेवलात तर नाक खाली झुकतं आणि हाच फरक खाऊन टाकतं. बहुतेक गाड्या इथेच घासतात. म्हणून ब्रेक आधी मारा, उंचवट्याच्या दोन मीटर अलीकडे पाय सोडा, नाक वर येऊ द्या आणि चालण्याच्या वेगाने चढा. नाक वर उचलण्याचं बटण असेल तर ते आधीच दाबा, वर यायला काही सेकंद लागतात. ही सोय ठरावीक वेगापर्यंतच चालते आणि पुढे नाक आपोआप खाली येतं. तो वेग मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. तिरकं चढवण्याचा उपाय उभ्या उंचवट्यावर उपयोगी आहे, पण समोरून आणि मागून कोणी नाही याची खात्री झाल्यावरच.

रुंदीही विसरू नका. दुपदरी रस्त्याची आपली बाजू साडेतीन मीटर. २९६ ची रुंदी १.९६ मीटर, आरसे वेगळे. दोन्ही बाजूंना ७५ सेंटीमीटरच्या आसपास उरतात, आणि डाव्या कडेला पावसाने खचलेली साइडपट्टी असते. फेरारीत स्टिअरिंगवरची कळ दाबून सस्पेन्शन खडबडीत रस्त्यासाठी मऊ करता येतं, घाटभर ते तसंच ठेवा. पावसाळा असेल आणि गाडीला ट्रॅकचे टायर असतील तर प्रवास पुढे ढकला. त्यांच्या खाचा कमी खोल असतात, साचलेलं पाणी बाहेर फेकता येत नाही, आणि बेताच्या वेगाला ते तापतही नाहीत.

प्रश्न: इथे ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती महामार्गांवर, अनेक टप्प्यांत वेगमर्यादाच नाही. मग सुपरकारची खरी जागा हीच ना? (श्टुटगार्ट, जर्मनी)

वेगाची जागा म्हणाल तर हो. मजेची म्हणाल तर दहा मिनिटांपुरती. सरळ रस्त्यावर २५० ने जाताना हाताला काम नसतं, डोळ्यांना प्रचंड असतं. समजा, ८० ने चालणारा ट्रक पुढच्या ट्रकला मागे टाकायला तुमच्या पट्ट्यात आला. तुमच्या वेगांतला फरक १७०, म्हणजे सेकंदाला ४७ मीटर. भान यायचा एक सेकंद धरून त्याच्या मागे वेग जुळवायला कोरड्या रस्त्यावर सुमारे १७५ मीटरची फट लागते. ट्रकचालकाला आरशात तेवढ्या अंतरावरचा तुमचा दिवा म्हणजे एक ठिपका. तो चुकला असं म्हणून तुम्ही सुटत नाही. शिफारस केलेला वेग १३० आहे आणि त्याहून खूप जास्त वेगात अपघात झाला तर तुमची चूक नसतानाही भरपाईचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९२ मध्येच हे सांगितलं आहे. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल तर तसं लेबल चालकाला दिसेल असं लावावं लागतं. तो आकडा पाळा.

न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवर, २०.८३२ किलोमीटरच्या त्या जुन्या ट्रॅकवर, पैसे भरून स्वतःची गाडी नेता येते. पण त्या वेळी तो एकेरी टोल रस्ता असतो: वाहतुकीचे नियम लागू, ओलांडायचं डावीकडूनच, वेळ मोजायला मनाई. अनेक विमा पॉलिसी हा ट्रॅक नाव घेऊन वगळतात, आणि तुटलेल्या कठड्याचं बिल चालकाच्या नावे येतं. जाण्याआधी पॉलिसी वाचाच.

प्रश्न: मागे मोठा पंख असलेल्या गाड्या वळणावर जास्त सुरक्षित असतात का? (नागपूर)

ट्रॅकवर, हो. पोर्शे ९११ जीटी३ आरएसचा पंख आणि बाकीची रचना मिळून २०० च्या वेगाला ४०९ किलोचा दाब देतात. हा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो: वेग निम्मा झाला तर दाब पाव. ८० ला तो ६५ किलोच उरतो, बाजूला एक सहप्रवासी बसल्याएवढा. साध्या हॅचबॅकला बाजारातून आणून लावलेल्या पंखाचा कायदेशीर वेगात उपयोग शून्य.

प्रश्न: सुपरकार घेणं शक्य नाही. पण चालवण्याचा खरा आनंद हवा आहे. गाडी कोणती घ्यावी आणि टायर रुंद करावेत का? (ठाणे)

हा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला, कारण वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींचं उत्तर याच दिशेला आहे. वजन कमी, टायर बेताचे, गिअर हाताने बदलायचे आणि इंजिन पिळता येईल असं. जपानी माझदा एमएक्स-५ जगभर याच कारणासाठी नावाजली जाते: वजन एक टनाच्या आसपास, रुंदी १.७३५ मीटर, दोन लिटरच्या इंजिनात दुसरा गिअर साधारण १०० ला संपतो. म्हणजे कायद्यात राहून दोन गिअर पूर्ण पिळता येतात. टोयोटाने आपल्या जीटी८६ या स्पोर्ट्स कारला मुद्दाम २१५ मिलिमीटर रुंदीचे, साध्या हायब्रिड प्रियसला मिळत त्याच जातीचे टायर दिले होते. पकड लवकर सुटावी आणि चालकाला ती सुटताना कळावी, हा त्यामागचा विचार. आमच्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत शहाणा निर्णय.

एमएक्स-५ आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाही. इथे मॅन्युअल स्विफ्ट घ्या, वजन ९०० किलोच्या आसपास आणि रुंदी तीच १.७३५ मीटर. जास्त ताकद हवी तर दीड लिटर टर्बोची, १५० अश्वशक्तीची मॅन्युअल फोक्सवॅगन व्हर्टस.

टायर रुंद करू नका. रुंद टायर आणि मोठी रिम जड असतात, खड्ड्यात धक्का जास्त बसतो, चाकोरी पडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग ओढतं. आणि पकडीची हद्द पुढे ढकलली गेल्यामुळे ज्या वेगाला आज मजा येते तिथे ती येणार नाही. तोच पैसा त्याच मापाच्या चांगल्या टायरवर घाला. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी, दर पंधरा दिवसांनी. व्हील अलाइनमेंट करून घेताना छापील अहवाल मागा आणि पुढच्या दोन चाकांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहा. डावं–उजवं वेगळं असेल तर एका बाजूला वळताना गाडी चपळ आणि दुसऱ्या बाजूला सुस्त वाटते. पुष्कळ लोक त्याला गाडीचा स्वभाव समजतात.

प्रश्न: ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायला जातोय. गाडीची तयारी काय करावी? (मुंबई)

सुपरकार असो की व्हर्टस, पहिल्यांदा दगा देतात ते ब्रेक. ५.१२५ किलोमीटरच्या या सर्किटवर लांब सरळ पट्ट्यानंतर जोरदार ब्रेक लागतो, तोही फेरीमागून फेरी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळणबिंदू नवं असताना किमान २३० अंश आणि पाणी मुरल्यावर किमान १५५ अंश असतो. जुनं ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून निघण्याआधी आठवडाभरात नवं ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. पॅड निम्म्याहून झिजले असतील तर बदला.

चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, आणि पहिल्या सत्रानंतर चाकं निवल्यावर पुन्हा तपासा. टायर तापले की हवा ५–६ पीएसआय वाढते. पहिल्या सत्रानंतर लगेच मोजून जास्तीची काढा, आणि घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका. इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ ठेवा. डिकी आणि पायाखालचा भाग रिकामा करा, मॅटही काढा, कारण सरकलेली मॅट पेडलखाली अडकते. स्थिरता नियंत्रण चालूच ठेवा. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरच्या नुकसानीची जबाबदारी कोणाची हे आयोजकांकडून लेखी घ्या.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी हळू घ्या, ब्रेक जवळजवळ न लावता. आत आल्यावर हँडब्रेक लावू नका. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी दाबून राहिले तर तिथे त्यांचा थर बसतो आणि पुढच्या सत्रात ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि बॉनेट उघडून वीस मिनिटं तशीच राहू द्या.